पावसाळी किनाऱ्यावर सिगार सांभाळताना

सिगारबद्दल वाचायला घेतलं की पहिला धडा एकच मिळतो: पान कोरडं पडू देऊ नका. सिगारी ठेवायची लाकडी पेटी आतून डिस्टिल्ड पाण्याने पुसा, स्पंज ओला ठेवा, हिवाळ्यात जास्त लक्ष द्या. हे सांगणारे बहुतेक थंड मुलखातले असतात. तिथे घर तापवताना आतली हवा वाळून जाते. आमच्या गुहागरला जून लागला की सगळं उलटं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. दारं फुगतात, कपाटातल्या पट्ट्यांवर बुरशी चढते, डबा जरा उघडा राहिला की पापड सादळतात. इथे सिगारला पाणी द्यायचं नसतं, पाण्यापासून वाचवायचं असतं. एवढं लक्षात आल्यावर पुढचं बरंचसं मला आपोआप उलगडत गेलं.

सिगारी आणल्या मावसभावाने. तो बोटीवर असतो. परदेशातून येणाऱ्याला 25 सिगारींपर्यंत शुल्क लागत नाही आणि त्याने आणलेली पेटी तेवढ्याचीच होती, डोमिनिकन रिपब्लिकची. आवरणाचं पान फिकट, कनेक्टिकट जातीचं. हे पान आता इक्वेडोरमध्येही होतं. तिथे आभाळ इतकं भरलेलं असतं की सावलीसाठी शेतावर कापड ताणावं लागत नाही. चव सौम्य असते, म्हणून नवख्याने इथून सुरुवात करावी असं म्हणतात आणि ते मला पटलं. पेटी हातात देताना दादा म्हणाला, "पाऊस सुरू व्हायच्या आत यांची सोय लाव. नाहीतर गणपतीत उघडशील तेव्हा हिरव्या झालेल्या असतील."

सोय म्हणजे काय, ते समजायला सिगारची रचना माहीत हवी. पोटात लांब पानं दुमडून भरलेली, त्यांना धरून ठेवणारं एक मजबूत पान आणि सगळ्यात वर देखणं, पातळ आवरण. हवेतली आर्द्रता 65 ते 70 टक्के असेल तर ही तिन्ही पानं एकमेकांशी जमवून राहतात. ओल वाढली की पोट फुगतं, आवरण चिरतं, झुरका घट्ट होतो आणि सिगार पुन्हा पुन्हा विझते. कोरडी पडली तर भराभरा जळते, धूर तापतो आणि तिखट लागतो.

म्हणून आधी आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र घेतलं, हायग्रोमीटर. स्वस्तातल्या यंत्राचा आकडा चार-पाच टक्क्यांनी सहज चुकू शकतो, तेव्हा त्याची परीक्षा घ्यावी लागते. तिला लागतं फक्त मीठ. बाटलीच्या बुचात मीठ घ्यायचं, दोन-चार थेंब पाण्याने ते दाटसर ओलं करायचं, विरघळू द्यायचं नाही. ते बूच आणि यंत्र एका हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवायचं. पिशवीतली आर्द्रता 75 टक्क्यांवर येऊन थांबते. यंत्र 79 दाखवत असेल तर पुढे प्रत्येक वेळी चार वजा करायचे. हा निसर्गाचाच आकडा आहे: हवेतली आर्द्रता 75च्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढायला लागतं. जुलैत आपल्या मिठाच्या बरणीत पाणी सुटतं ते याचमुळे. किनाऱ्यावरच्या प्रत्येक स्वयंपाकघरात हे मोजमाप पिढ्यान्‌पिढ्या समोर होतं, हे कळल्यावर मला फार आनंद झाला.

साठवणीला मी लाकडी पेटी घेतली नाही. सुंदर दिसते, पण पावसाळ्यात लाकूड स्वतःच पाणी पितं आणि झाकणाच्या फटीतून दमट हवा आत येत राहते. त्यापेक्षा रबरी कड असलेला, चारही बाजूंनी खटके लावता येणारा प्लॅस्टिकचा डबा आपल्या हवेत कितीतरी भरवशाचा. डबा नवा आणि बिनवासाचा हवा. मसाल्याचा किंवा सुक्या मासळीचा रिकामा डबा कितीही धुतला तरी चालत नाही, पान वास पकडतं. मूळ पेटीतले सीडरच्या लाकडाचे पातळ पत्रे मी तळाशी घातले. याला स्पॅनिश सीडर म्हणतात, पण झाड मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, आणि कुळ आपल्या कडुनिंबाचं. त्याचा वास सिगारला मानवतो.

डब्यातली ओल सांभाळते ती पुडी. तिच्यात क्षारांचं दाट द्रावण असतं आणि वरचं आवरण फक्त वाफ जाऊ देतं. हवा कोरडी असेल तर पुडी ओल सोडते, दमट असेल तर शोषून घेते. 65, 69, 72 अशा टक्केवारीच्या पुड्या मिळतात. बोवेडा कंपनीची 60 ग्रॅमची एक पुडी साधारण 25 सिगारींना पुरते. मी 65ची निवडली आणि किनाऱ्यावर तीच घ्यावी असं माझं ठाम मत आहे. बुरशीपासून थोडं जास्त अंतर राहतं आणि झुरकाही मोकळा येतो. पावसाळ्यात डबा उगाच उघडायचा नाही. प्रत्येक उघडण्यात बाहेरची नव्वद टक्क्यांची हवा आत येते आणि पुडी फुगत जाते. नुसती सिलिका जेलची पाकिटं टाकून मात्र भागत नाही. ती कुठे थांबायचं हे जाणत नाहीत आणि पान वाळवून टाकतात.

ओलीपेक्षा अवघड निघालं तापमान. पुस्तकी आकडा 18 ते 21 अंशांचा, आमच्याकडे मे महिन्यात पारा 32-33ला. पंचविशीच्या आसपास आणि त्यावर तंबाखूच्या किड्याची अंडी उबतात. पानात ती आधीपासून असू शकतात, डोळ्यांना दिसत नाहीत. किडा बाहेर पडतो तेव्हा आवरणावर टाचणीएवढी गोल भोकं आणि तळाशी भुकटी दिसते. लॅसिओडर्मा सेरिकॉर्न हे त्याचं शास्त्रीय नाव. हळकुंडांत, धण्यांत, सुक्या मिरचीत भोकं पाडणारा तपकिरी किडा हाच, म्हणजे ओळखीचाच.

यावर उपाय थंडीचा. सिगारी दोन हवाबंद पिशव्यांत, एकीत दुसरी अशा भरल्या. कोकणातल्या फ्रीझरमध्ये बांगडे आणि सुरमई असणारच, तेव्हा दुसरी पिशवी हवीच. एक दिवस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, मग तीन दिवस फ्रीझरमध्ये, पुन्हा एक दिवस खाली आणि मग बाहेर. थंडी हळूहळू वाढवली-उतरवली तर आवरण तडकत नाही. पिशवी पूर्ण घरच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर आमच्या हवेत पानावर लगेच दव धरतं. हे काम वळवाच्या वादळात काढू नये. मधेच लाइट गेली तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

मग डबा कुठे ठेवायचा? माळ्यावर तर मुळीच नाही, कौलांखाली सगळी उष्णता साठते. आमच्या जांभ्याच्या घरात सगळ्यात गार जागा माजघराच्या आतल्या खोलीत, जमिनीलगत. बाहेरची भिंत नाही, ऊन नाही. डबा तिथे गेला.

ओढण्याआधी बोटांनी हलकं दाबून पाहायचं. दाबलेलं परत वर आलं पाहिजे. पिचपिचीत लागली तर तिला 62 टक्क्यांची पुडी घातलेल्या छोट्या डब्यात दोन दिवस ठेवतो. कोरड्या मुलखातले लोक काही तास नुसती बाहेर ठेवतात. श्रावणात तसं केलं तर ती आणखी सादळते. कापताना तोंडात धरायच्या बंद टोकावरची पानाची टोपी दीड-दोन मिलिमीटरच उडवायची. टोपी जिथे संपते त्या रेषेच्या खाली पातं गेलं तर आवरण उलगडतं. पेटवायच्या आधी एक नुसता झुरका घ्यावा. त्यात वाळल्या गवताचा आणि सीडरचा वास येतो, मला तो फार आवडतो.

पेटवायला गॅसचा लायटर बरा. काड्या सादळलेल्या असतात आणि पेट्रोलच्या लायटरचा वास पानाला लागतो. ज्योत टोकाला टेकवायची नाही. थोडी खाली धरून सिगार फिरवत राहायचं, कडा सगळीकडून लाल झाली की मग पहिला झुरका. समुद्रावर बसून ओढायची कल्पना मनातून काढून टाका. खाऱ्या वाऱ्यात एक बाजू पळत जळते. मी वाडीकडच्या पडवीत बसतो, पोफळींच्या आडोशाला, संध्याकाळी वारा पडल्यावर. मिनिटाला एक झुरका, त्याहून घाई नाही. धूर तोंडात घोळवून सोडायचा, छातीत घ्यायचा नाही. राख इंचभर धरते, सारखी झटकू नये. जेवण झालेलं असावं. रिकाम्या पोटी निकोटीन चढतं, घाम फुटतो. सोबत गुळाचा कोरा चहा घेतो. पहिला भाग मलईसारखा मऊ, मधला भाजलेल्या काजूच्या वासाचा आणि मला सगळ्यात प्रिय, शेवटचा तिखट. तिथे थांबायचं. चुरडायची नाही, नुसती ठेवून द्यायची, आपोआप विझते.

धूर छातीत घेतला नाही म्हणून सिगार निरुपद्रवी ठरत नाही. तोंड, घसा, अन्ननलिका, फुप्फुस या सगळ्यांच्या कर्करोगाशी तिचा संबंध पक्का आहे आणि एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. म्हणून माझी सिगार सणासुदीची, उघड्यावर आणि आसपास मुलं नसतानाच. जो तंबाखूला शिवत नाही त्याला मी कधीच ती पुढे करणार नाही.

किनाऱ्यावर राहणाऱ्या कुणी सुरुवात करायचं ठरवलंच असेल, तर जूनमध्ये करू नये. ऑक्टोबरचा उकाडा सरला की नोव्हेंबरपासून हवा सिगारला बरी असते आणि तेव्हा पुडीवरचा भारही कमी असतो. पेटी घेण्यापेक्षा पाच सुट्या घ्याव्यात, 8 ग्रॅमची एक पुडी त्यांना पुरेल. डबा, यंत्र आणि मिठाची परीक्षा मात्र सिगारी घरात येण्याआधीच उरकून ठेवावी.