देनालीतली कुत्री

आज अलास्कातल्या अँकरेजहून पार्क्स हायवेने देनाली नॅशनल पार्कला आलो, साधारण 380 किलोमीटर, वाटेत नुसती जंगलं आणि नद्या आणि ढग एवढे खाली उतरलेले की 6,190 मीटर उंचीचा तो देनाली डोंगर काही दिसलाच नाही. पण दिवस सार्थकी लागला तो इथल्या कुत्र्यांमुळे. 1922 पासून या पार्कात स्लेड म्हणजे बर्फावरची घसरगाडी ओढणारी कुत्री आहेत, कारण हिवाळ्यात आतल्या राखीव रानात मोटारगाड्या न्यायच्या नाहीत असा नियम, मग रेंजर लोकांचं सामानसुमान, गस्त, सगळं यांच्याच जिवावर.

आता बर्फ नाही म्हणून चाकांची गाडी जोडून दाखवतात. रेंजरने हार्नेस, म्हणजे कुत्र्यांना जुंपायचा पट्टा, हातात घेतला मात्र, सगळी कुत्री आपापल्या लाकडी घरांच्या छपरावर चढून असं काही ओरडायला लागली की कानठळ्या बसल्या, मला ने मला ने! निवड न झालेलं एक तर टीम परत येईपर्यंत त्याच दिशेला बघत उभं होतं, पोटात कालवलं हो माझ्या.

नंतर एक जण आईच्या पायाला चक्क टेकून उभा राहिला. पंजे केवढे, बोटांच्या मधेसुद्धा दाट केस. नऊ वर्षांचे झाले की ते रिटायर होतात, मग लोक त्यांना घरी नेतात म्हणे. आई एरवी कुत्र्यापासून चार हात लांब असते, आज त्याची मान खाजवत "दमलास का रे बाळा" म्हणत होती, मराठीतच.