जाहिरातीतून सल्लागारीत: दोन प्रयत्न आणि एक शून्य

पहिल्या मुलाखतीत मी चौथ्या मिनिटालाच बाद झाले. तोंडावर कोणी तसं म्हणालं नाही, पण समोरच्या बाईंनी पेन टेबलावर ठेवलं ते पुन्हा उचललंच नाही.

सहा वर्षं जाहिरात एजन्सीत क्लायंट सांभाळल्यावर मी मॅनेजमेंट कन्सल्टिंगमध्ये, म्हणजे कंपन्यांना त्यांच्या धंद्याच्या अडचणींवर सल्ला देण्याच्या कामात, शिरायचं ठरवलं होतं. पगार हे एक कारण होतंच, ते उगाच कशाला लपवू? पण दुसरं एक बरीच वर्षं टोचत होतं. एजन्सीचं पोट पूर्वापार माध्यमांच्या कमिशनवर चालत आलं, रूढ दर 15 टक्के. क्लायंट जितका जास्त खर्च करणार तितकी आपली कमाई जास्त. आता बऱ्याच ठिकाणी फी किंवा रिटेनर (ठरावीक बांधील रक्कम) असतो, पण जुनी खोड जात नाही. ‘विक्री का पडली?’ असं विचारत क्लायंट आला की आमच्या तोंडून ‘नवी मोहीम करू’ हेच निघायचं. मला यातून बाहेर पडायचं होतं, आणि मुलाखतीत नेमकी हीच खोड नडली.

आत शिरायचा रस्ता बहुतेक मोठ्या फर्ममध्ये सारखाच असतो: बायोडेटा, बहुधा एखादी ऑनलाइन चाचणी आणि मग केस इंटरव्ह्यूच्या फेऱ्या. केस म्हणजे एका कंपनीचं दुखणं तुमच्यासमोर ठेवतात आणि अर्ध्या-पाऊण तासात तुम्ही ते बोलत बोलत सोडवायचं. माझी केस होती सायकलची हेल्मेट बनवणाऱ्या कंपनीची. विक्री वाढतेय, नफा घटतोय, का? मी लगेच सुटले. ब्रँडची ओळख, ग्राहकवर्ग, नवा संदेश. बाईंनी शांतपणे विचारलं, “विक्री वाढतेय असं मी सांगितलं ना?” मग ते पेन खाली गेलं. नकाराचा ईमेल आला तो तीन ओळींचा.

त्यानंतरचे चार महिने ऑफिस सुटल्यावर तयारी. माझ्यासारखाच धडपडणारा एक जोडीदार शोधला आणि व्हिडिओ कॉलवर आळीपाळीने एकमेकांच्या केस घ्यायला लागलो. सुरुवातीला मी चौकटी पाठ केल्या. कंपनीचे वेगवेगळे धंदे बाजारातला वाटा आणि वाढ पाहून चार घरांत टाकणारा बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपचा 1970 चा तो प्रसिद्ध तक्ता, तारा आणि दुभती गाय वगैरे, झोपेत विचारला असता तरी सांगितला असता. कोणीही विचारला नाही. कामाला आली ती मॅकिन्झी या सल्लागार फर्ममध्ये असताना बार्बरा मिंटो यांनी रुजवलेली ‘मीसी’ नावाची शिस्त. प्रश्नाचे तुकडे असे करायचे की एक दुसऱ्यावर चढू नये आणि सगळे मिळून काही बाहेर राहू नये. ऐकायला सोपं आहे. घरखर्चावर करून बघा, तिसऱ्या ओळीतच ‘इतर’ लिहावंसं वाटतं.

दुसऱ्या फर्मच्या शेवटच्या फेरीत ऑनलाइन बूट विकणारी कंपनी आली, तक्रार तीच, नफा घटतोय. या वेळी मी आधी विचारलं, यातून कोणाला काय ठरवायचंय? मग मिळकत एका बाजूला, खर्च दुसऱ्या बाजूला. खर्चातून परत आलेल्या मालापर्यंत पोचले. 80,000 जोड विकले, त्यातले 18 टक्के परत. मी कागदावर गणित केलं आणि ठणकावून सांगितलं, 1,440. समोरचे गृहस्थ गप्प. ती शांतता भयंकर होती. मग माझं मलाच दिसलं की दहा टक्केच आठ हजार होतात, मग अठरा टक्के दीड हजाराच्या आत कसे? “माफ करा, एक शून्य गेलं, 14,400,” म्हटलं. ते म्हणाले, “बरं. पुढे?” नंतर कळलं की चुकलेल्या उत्तरापेक्षा ती चूक मला कशी सापडली याचीच नोंद झाली होती.

नोकरी लागली. लोक विचारतात, या क्षेत्रात भविष्य आहे का? मी दोन्हीकडचं पाहिलंय म्हणून सांगते. मंदी आली की कंपन्या जाहिरातीचं बजेट आणि बाहेरचे सल्लागार या दोन्हींवर लवकर कात्री चालवतात. तेजीत दोन्हीकडे भरती उसळते. डॉक्टर-वकिलांसारखा परवाना बहुतेक ठिकाणी लागत नाही, त्यामुळे दार उघडं असतं आणि गर्दीही तेवढीच. अनेक मोठ्या फर्ममध्ये ‘वर चढा नाहीतर निघा’ हा खाक्या असतो. दोन-तीन वर्षांत बढती नाही मिळाली तर आदराने निरोप. निघालेले बरेचजण एखाद्या क्लायंटकडेच रुजू होतात, ते काही वाईट नाही. या दोन धंद्यांतली भिंतही पडत चालली आहे. ॲक्सेंचर या सल्लागार कंपनीने 2019 मध्ये ड्रोगा5 ही जाहिरात एजन्सी विकत घेतली तेव्हा आमच्या ऑफिसात दिवसभर तोच विषय होता. नवख्यांचं काम, म्हणजे माहिती गोळा करणं आणि स्लाइडचा पहिला खर्डा, आता एआय झटकन करतं. तिथे जागा आकसणार असं मला वाटतं. आणि हो, स्वार्थ इथेही आहेच: आमच्या अहवालाच्या शेवटी ‘पुढचा टप्पा’ असतो, आणि तो बहुधा आम्हीच करायचा असतो.

प्रत्यक्ष काम मुलाखतीसारखं नसतं. केसमध्ये आकडे मागितले की मिळतात. पहिल्या प्रोजेक्टवर, तोही परत येणाऱ्या मालाचाच, मी क्लायंटला 34 ओळींची माहितीची यादी पाठवली, आठवड्याने नऊ गोष्टी आल्या. त्यावर मी आठ स्लाइड केल्या, माल कोणत्या कारणाने परत येतो याचे सुंदर रंगीत खांब. टीम लीडर म्हणाले, एकदा क्लायंटच्या गोदामात जाऊन ये.

गोदामातल्या काकांनी मला नोंदवही दाखवली. कारणाच्या रकान्यात पानंच्या पानं एकाच हातची, एकाच शाईतली ‘साइज चुकला’. मी विचारलं, सगळ्यांचाच साइज कसा चुकतो?

“अहो, खोकी दिवसभर येतात, तेव्हा लिहायला वेळ कुठे? मी शुक्रवारी एकदम भरतो,” काका म्हणाले. “रकाना मोकळा राहिला तर कंप्युटर पुढे जाऊ देत नाही.”

आठही स्लाइड त्याच रात्री काढून टाकल्या. पुढचे तीन दिवस मी काकांच्या शेजारी स्टुलावर बसून खोकी उघडली.