डिंग लिंग: सुरुवात १९५७ पासून नको

नाशिकच्या वाचनकट्ट्यावर चिनी कम्युनिस्ट लेखिका डिंग लिंग घेणार असाल, तर थेट १९५७ वर, म्हणजे पक्षानं तिला 'उजवी' ठरवलं त्या वर्षावर, उडी मारू नका. तिथेच घोळ होतो. १९३१मध्ये तेव्हाच्या कम्युनिस्टविरोधी सरकारनं तिचा नवरा हू येपिनला गोळ्या घातल्या, १९३२मध्ये ती कम्युनिस्ट पक्षात आली, मग त्याच सरकारची नानजिंगला नजरकैद. खरी मेख १९४२ची. येनान या कम्युनिस्टांच्या तळावरच्या पक्षदैनिकात महिलादिनावर तिनं लिहिलं: इथं बाईनं लग्न केलं तरी बोलणी, नाही केलं तरी बोलणी. त्यावर माघार घ्यावी लागली. पुढं स्टालिन पारितोषिक हा सोव्हिएत सन्मानही कामी आला नाही. १९५७मध्ये 'उजवी', म्हणजे पक्षविरोधी, ठरवून नंतर ईशान्य चीनमध्ये बेइदाहुआंगच्या शेतीफार्मवर कोंबड्या सांभाळायला धाडली. १९७० ते ७५ तुरुंग. पक्षात परतल्यावर मात्र १९८३च्या 'वैचारिक प्रदूषण'विरोधी (पाश्चात्त्य विचारांच्या प्रभावाविरुद्धच्या) मोहिमेत ती सरकारच्या बाजूनं उभी राहिली. चाहते नेमकं हेच गाळतात.