साठ दिवसांची बंदी

कीटकनाशक निरीक्षकाचे काम एरवी कागदांचे असते. विक्रेत्याचा परवाना पाहायचा, साठा नोंदवही आणि गोदामातला माल यांचा मेळ घालायचा, शंका आली तर नमुना काढून प्रयोगशाळेकडे पाठवायचा. ज्या मालाची नोंदणी वैध आहे आणि ज्याचा नमुना प्रमाणित ठरला आहे, तो कितीही जहाल असला तरी त्याच्या विक्रीला निरीक्षकाची हरकत असू शकत नाही. विदर्भात नोकरी करताना हे मला पाठ होते. पण त्याचा नेमका अर्थ मला 2017 च्या हंगामात, विक्रीबंदीचा आदेश घेऊन एका कृषी सेवा केंद्रात गेलो त्या दिवशी कळला.

त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर वाढली होती. इतक्या दाट आणि उंच पिकात शिरून फवारणी करणाऱ्याच्या तोंडावरच तुषार येतात, आणि बोंडअळी तिला मारण्यासाठीच जनुक घातलेल्या बीटी वाणांनाही दाद देत नसल्याने दोन-तीन औषधे एकाच पंपात मिसळून मारण्याचे प्रमाण खूप वाढले होते. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक माणसे दगावली आणि शेकडो रुग्णालयात पोहोचली. त्यानंतर राज्य शासनाने विदर्भातल्या काही जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. त्यांत मोनोक्रोटोफॉस होते, ज्याला शेतकरी नुसते ‘मोनो’ म्हणतात.

केंद्राच्या मागच्या खोलीत आम्ही खोकी मोजायला बसलो. दारे-खिडक्या उघड्या ठेवूनही डोळे चुरचुरावेत असा तिथला दर्प होता, आणि दुकानातला पोरगा त्याच खोलीत एका खोक्यावर बसून डबा खात होता. प्रत्येक खोक्यावरचा बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि अंतिम मुदत मी वाचत होतो, सहायक ते पंचनाम्यात उतरवत होता आणि दोन पंच पाहत होते. बाटलीवरच्या चौकोनाचा खालचा त्रिकोण लाल होता. आपल्या नियमांनुसार लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. वरच्या त्रिकोणात कवटी आणि खाली आडवी हाडे. याच लेबलवर, हे औषध भाजीपाल्यावर वापरू नये, असेही छापलेले असते, कारण केंद्र सरकारने 2005 मध्येच भाजीपाल्यासाठी त्याच्या वापरावर बंदी घातली होती. कपाशीच्या कडेला वांगी आणि मिरच्या लावणाऱ्या शेतकऱ्याने कपाशीची बाटली वांग्यांवर रिकामी करू नये, ही जबाबदारी त्या बारीक टायपातल्या ओळीवर सोपवलेली होती.

विक्रेता सरळ माणूस होता. नोंदवही चोख होती. त्याने एकच विचारले, “साहेब, कालपर्यंत परवान्यावर चाललेला माल आज विष कसा झाला?”

“विष तो कालही होताच,” असे मी म्हणालो. त्यावर पंच म्हणून बसलेला एक वयस्क शेतकरी हसून म्हणाला, “मंग साठ दिवसांनी पाणी होते का त्याचं?”

त्याला द्यायला माझ्याकडे कायदेशीर उत्तर होते. कीटकनाशके अधिनियम, 1968 च्या कलम 27 नुसार माणसाला किंवा जनावराला धोका दिसला तर राज्य सरकार चौकशी होईपर्यंत जास्तीत जास्त 60 दिवस विक्री आणि वापर थांबवू शकते, चौकशी अपुरी राहिली तर आणखी 30 दिवस. त्यापुढचा निर्णय केंद्र सरकारचा. म्हणजे ज्या राज्याच्या रुग्णालयात खाटा भरतात, त्याच्या हातात फार तर एका हंगामाचा तुकडा येतो. आणि आमच्या बाबतीत तो तुकडाही असा आला की मुख्य फवारण्या तोवर होऊन गेल्या होत्या. हे सगळे त्याला सांगण्यात काही हशील नव्हते. मी पंचनाम्यावर सही मागितली.

खोक्यांना सील ठोकण्यासाठी आम्ही लाख वितळवत असताना एक जण हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन धापा टाकत आला. त्याचा धाकटा भाऊ सकाळी फवारा मारून आल्यावर कोसळला होता. “डॉक्टरसाहेब म्हणते, बाटली आणा. कोणतं औषध मारलं ते पाह्यजे म्हणते.” पिशवीत एक फाटलेले पाकीट आणि एक बाटली होती. पाकिटावर डायफेन्थियुरॉन हे नाव वाचता येत होते. बाटलीचे लेबल भिजून निघून गेले होते. बिल घेतलेले नव्हते, आणि ती कुठल्या दुकानातून आणली हेही त्याला ठाऊक नव्हते. बाटली उलटी केली तर बुडाशी छापलेला बॅच क्रमांक शाबूत होता. मी तो पंचनाम्यातल्या यादीशी ताडून पाहिला आणि तिसऱ्या ओळीतच तो सापडला. मोनोक्रोटोफॉस, 36 टक्के.

रुग्णालयात फोन लावून ड्यूटीवरच्या डॉक्टरांना दोन्ही नावे सांगितली. रुग्णाच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या, तोंडातून लाळ आणि छातीत स्राव होता, म्हणून लक्षणांवरून त्यांनी ॲट्रोपिन हा उतारा आधीच सुरू केला होता. छाती मोकळी होईपर्यंत मात्रा वाढवत नेणार असल्याचे ते म्हणाले. मोनोक्रोटोफॉस हे ऑर्गॅनोफॉस्फेट या मज्जासंस्थेवर घाला घालणाऱ्या गटातले असल्याने निदान त्याच्यावर ॲट्रोपिनचा उपयोग होतो. पाकिटातल्या डायफेन्थियुरॉनवर मात्र खास उतारा नाही. त्याच्यासाठी लक्षणे दिसतील तसे उपचार करत राहायचे. एका पंपात दोन विषे गेली की डॉक्टरलाही अर्धी लढाई अंधारात लढावी लागते, हे मी त्या फोनवर ऐकले. पहिल्या दिवसाचा धोका टळल्यावरही काही दिवसांनी मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. या तरुणाचे तसेच झाले, त्याला कृत्रिम श्वासावर ठेवावे लागले, आणि सुदैवाने तो वाचला.

त्या काळात आम्हाला वरून येणाऱ्या प्रत्येक पत्रात ‘सुरक्षित वापराबाबत जनजागृती’ हे शब्द असत. हातमोजे, चष्मा, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे. हे किट अंगावर चढवून दमट उन्हात, डोक्याइतक्या कपाशीतून चार तास चालून पाहावे, आणि मग पत्र लिहावे, असे मला प्रामाणिकपणे वाटे. जागतिक अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या कीटकनाशकविषयक आचारसंहितेतच म्हटले आहे की ज्या औषधासाठी त्रासदायक, महागडी किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधने लागतात, ते उष्ण प्रदेशातल्या लहान शेतकऱ्यांच्या बाबतीत टाळावे. म्हणजे चूक हातमोजे न घालणाऱ्याची, असा निष्कर्ष काढण्याआधी ती बाटली त्याच्या हातात दिलीच का, हे विचारायला हवे. श्रीलंकेने ते विचारले होते, तिथे अशी औषधे पिऊन होणाऱ्या आत्महत्यांमुळे. तिथे 1995 मध्ये मोनोक्रोटोफॉस आणि मेथामिडोफॉसवर बंदी आली, पुढे एंडोसल्फान आणि इतरही जहाल औषधे हटवली गेली. आत्महत्यांचे प्रमाण नंतरच्या दोन दशकांत निम्म्याहून बरेच खाली आले, आणि भाताचे उत्पन्न त्यामुळे कोसळले नाही.

शेतकऱ्याची अडचण खोटी नव्हती. बोंडअळी लागलेल्या पिकासमोर उभ्या असलेल्या माणसाला फक्त ‘हे वापरू नका’ एवढे सांगून भागत नाही. म्हणून पुढच्या हंगामात आम्ही कामगंध सापळ्यांवर, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंग ओढून घेणाऱ्या सापळ्यांवर, भर दिला: सलग तीन दिवस सापळ्यात रोज आठ पतंग सापडले तरच फवारणी, तोपर्यंत निंबोळी अर्क. ज्या गावांत सापळे खरोखर मोजले गेले तिथे फवारण्या कमी झाल्या. जिथे ते नुसते बांधावर लटकले तिथे नाही.

बंदीची मुदत संपल्यावर त्या केंद्रातले सील मलाच काढावे लागले. माल बदलला नव्हता, लेबल बदलले नव्हते, कायद्याने त्याला अडवण्याचे कारण उरले नव्हते. ऑगस्ट 2018 मध्ये केंद्र सरकारने 18 कीटकनाशकांवर बंदी घातली, त्यांत मोनोक्रोटोफॉस नव्हते. 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणात हेच विष जाऊन 23 मुले मेली होती, तरीही नव्हते. मे 2020 च्या बंदीच्या मसुद्यात ते आले, आणि 2023 च्या आदेशाने 36 टक्के द्रावणाची नोंदणी रद्द झाली. असलेला साठा त्याची मुदत संपेपर्यंत विकण्याची मुभा ठेवून. त्यानंतरच्या तपासण्यांत मी साठा नोंदवहीतली त्याची पाने आधी उघडतो, शिल्लक रकान्यात आकडा असेल तर अंतिम मुदतीची तारीख विचारतो, आणि ती उलटून गेलेली असेल तर त्याच दिवशी पंचनामा करतो.