स्टारचाइल्डची वही: गंडमपासून इव्हांगेलियनपर्यंत

स्टारचाइल्ड हे जपानच्या किंग रेकॉर्ड्स या संगीत कंपनीचं अ‍ॅनिमेसाठीचं, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनसाठीचं, लेबल. त्याच्या तबकड्यांच्या नोंदींची माझी वही १९९७च्या तोंडाशी आली आहे. एलपी आटोपल्या, सीडी अर्ध्यावर आहेत. ज्या प्रश्नासाठी हा सगळा पसारा मांडला, त्याचं उत्तरही आता हाताला लागतंय: गाण्यांच्या तबकड्या विकणारी कंपनी स्वतःच अ‍ॅनिमे काढायला कशी लागली?

नवीन मंडळींसाठी थोडी मागची गोष्ट. किंग हे कोदान्शा या मोठ्या प्रकाशन संस्थेचं अपत्य. १९३१ साली तिचा रेकॉर्ड विभाग म्हणून सुरुवात झाली आणि कंपनीचा पत्ता आजही तोक्योच्या बुंक्यो भागातला, ओतोवाचाच आहे. अ‍ॅनिमेच्या तबकड्यांत तिचा खरा जम बसला तो १९७९च्या ‘मोबाइल सूट गंडम’ या टीव्ही मालिकेपासून. त्याआधी अ‍ॅनिमेची रेकॉर्ड म्हणजे लहान मुलांची गाणी असंच गणित होतं. पार्श्वसंगीताची वेगळी एलपी मोठी माणसंही विकत घेतात, हे १९७७ साली निप्पॉन कोलंबियाने ‘यामातो’ या मालिकेच्या सिम्फनिक स्वीटमधून, म्हणजे वाद्यवृंदाच्या रचनेतून, दाखवून दिलं होतं. किंगने तोच धागा गंडमच्या वेळी उचलला.

पहिल्या प्रक्षेपणात गंडमला प्रेक्षक मिळाले नाहीत, मालिका ४३ भागांत गुंडाळावी लागली, हे आपल्यातल्या बहुतेकांना ठाऊक आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं. खेळणी बनवणारा प्रायोजक नाराज होता, पण मालिकेला वयाने मोठा, पैसे खर्च करणारा चाहता मिळाला होता, आणि त्या चाहत्यापुढे ठेवायला किंगकडे एलपी तयार होत्या. गंडमच्या १९८१मधल्या दुसऱ्या चित्रपटासाठी ‘आइ सेन्शी’ हे गाणं दाइसुके इनोउए यांनी स्वतः रचून गायलं. इनोउए म्हणजे दिग्दर्शक तोमिनोंचे कॉलेजचे सोबती आणि ब्लू कॉमेट्स या गाजलेल्या बँडमधले. ते ऐकताना कुठेही वाटत नाही की हे मुलांसाठी केलंय. भारदस्त, थेट, सरळ रॉक गाणं आहे. स्टारचाइल्ड हे नाव ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आलं ते याच हवेत.

एलपी गोळा करणाऱ्यांना एक उपयोगाची गोष्ट. किंगच्या त्या काळातल्या नंबरांत किंमत दडलेली असते. ‘के२५जी’ म्हणजे २,५०० येन, ‘के२८जी’ म्हणजे २,८००. ओबी, म्हणजे कव्हरभोवतीची कागदी पट्टी, हरवलेली असली तरी मूळ किंमत नंबरावरून सांगता येते. विक्रेत्याने ओबीचा फोटो दिला नाही म्हणून चांगली तबकडी सोडून देऊ नका.

सीडीच्या बाबतीत तर किंमत हाच माझा सगळ्यात भरवशाचा पुरावा झालाय. जपानमध्ये १ एप्रिल १९८९ला ३ टक्के विक्रीकर आला आणि १ एप्रिल १९९७ला तो ५ टक्के झाला. सीडीच्या मागच्या कागदावर करासकट आणि कराशिवाय अशा दोन्ही किमती छापलेल्या असतात. ३,००० येन आणि कंसात २,९१३ असं दिसलं, तर तो कागद ३ टक्क्यांच्या काळातला. मूळ किंमत तीच २,९१३, पण बेरीज ३,०५९ असेल, तर तो एप्रिल १९९७ नंतर छापलेला. छोट्या सिंगल्सवर हीच जोडी १,००० आणि ९७१ अशी असते, नंतर १,०२० आणि ९७१. प्रकाशनाची तारीख दोन्ही छपायांवर जुनीच राहू शकते, त्यामुळे नुसत्या तारखेवर विसंबून ‘पहिली छपाई’ म्हणून जादा पैसे मोजू नयेत. आधी किंमत बघा, मग मॅट्रिक्स नंबर, म्हणजे तबकडीच्या आतल्या कडेला असलेला छपाईचा क्रमांक.

सिंगल्सचा विषय निघालाच आहे, तर ‘झांकोकु ना तेन्शी नो तेझे’ या इव्हांगेलियन मालिकेच्या ओपनिंगच्या गाण्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. ८ सेंटीमीटरची सीडी, २५ ऑक्टोबर १९९५. पोस्टकार्डाहून अरुंद आणि लांबट असं घडीचं कागदी कव्हर, आत प्लास्टिकचा ट्रे, त्याच्या वरच्या अर्ध्यात तबकडी. ट्रेचा खालचा अर्धा रिकामा असतो आणि मधल्या खाचेवर मोडून कव्हर निम्म्यावर घडी करता येतं. बऱ्याच जणांनी तसं केलेलं असतं, म्हणून न मोडलेला ट्रे मिळणं ही खरी चैन. गाणं योको ताकाहाशींचं, शब्द नेको ओइकावांचे, चाल हिदेतोशी सातोंची. जोडीला क्लेअरच्या आवाजातलं ‘फ्लाय मी टू द मून’. (तोंडाने सीडी ओढून घेणाऱ्या प्लेअरमध्ये ही तबकडी कृपा करून घालू नका. ट्रेवाल्या ड्राइव्हमध्ये मधल्या खोलगट वर्तुळात ती नीट बसते.)

इव्हांगेलियन ४ ऑक्टोबर १९९५ ते २७ मार्च १९९६ या काळात टीव्ही तोक्योवर झालं, २६ भाग. स्टारचाइल्डचे निर्माते तोशिमिची ओत्सुकी यांनी दिग्दर्शक हिदेआकी आन्नोंना सांगितलं होतं की काहीही घेऊन ये, वेळेचा स्लॉट मी मिळवून देतो. ही गोष्ट आपण सगळ्यांनी वाचली आहे. पण किंगच्या बाजूने पाहिलं की तिचा अर्थ उलगडतो. निर्मिती समितीत, म्हणजे मालिकेसाठी एकत्र आलेल्या कंपन्यांच्या गटात, जो तो पैसे घालतो आणि आपल्या धंद्याचे हक्क घेतो. रेकॉर्ड कंपनीच्या वाट्याला संगीत येतं, आणि किंगच्या बाबतीत व्हिडिओही आला. म्हणजे ओपनिंगचं गाणं, संगीतकार शिरो सागिसूंचे साउंडट्रॅक, व्हीएचएस आणि लेझरडिस्क, सगळं एकाच घरात. दुसऱ्याच्या मालिकेची गाणी छापायची तर आधी परवानगी मागायची, पैशाचा हिशेब द्यायचा. इथे मालिकाच अंशतः आपली. शेवटाकडच्या २१ ते २४ भागांत व्हिडिओसाठी नवी दृश्यं घातली गेली, कारण टीव्हीवर पाहून झालेला माणूसही ते विकत घेणार याची खात्री होती. माझ्या मते स्टारचाइल्डच्या इतिहासातलं खरं वळण हेच. गंडमच्या वेळी किंग दुसऱ्याच्या मालिकेभोवती तबकड्या विकत होती. इव्हांगेलियनच्या वेळी मालिका ठरते त्या टेबलावर तिला खुर्ची मिळालेली होती.

याच साखळीची दुसरी कडी म्हणजे मेगुमी हायाशिबारा. इव्हांगेलियनमधल्या रेई आयानामीचा आवाज त्यांचा, ‘स्लेयर्स’ या मालिकेतल्या लीना इन्व्हर्सचाही त्यांचाच, आणि त्या गायिका म्हणून किंगकडेच. ‘स्लेयर्स’ एप्रिल १९९५मध्ये सुरू झालं, ओपनिंग त्यांनी मासामी ओकुईंबरोबर गायलं. पात्राला आवाज देणारी आणि ओपनिंग गाणारी एकच, आणि गाणं छापणारी कंपनी मालिकेतही भागीदार! त्यांचं ‘गिव्ह अ रीझन’ लावून बघा. ही मांडणी इतकी का चालली, ते पहिल्या कडव्यातच कळतं. तो आवाज ऐकणाऱ्याला आधीच ओळखीचा झालेला असतो.

१९९६चं ‘नादेसिको’ आणि १९९७चं ‘उतेना’ या मालिकांच्या नोंदी लावायला घेतल्या आहेत. ‘उतेना’तल्या जे. ए. सीझर यांच्या समूहगीतांवर स्वतंत्र लिहिणार आहे. रंगभूमीवरच्या माणसाचे कोरस मालिकेतल्या द्वंद्वयुद्धांना वाजतात हे इतकं विलक्षण आहे की दोन ओळींत उरकणं बरं दिसणार नाही.

शेवटी जे नाव गेलं तेही सांगून ठेवते. २०१६ साली किंगने स्टारचाइल्डच्या जागी किंग अम्यूजमेंट क्रिएटिव्ह हे नाव आणलं. म्हणून वहीची हद्द मी तिथेच आखली आहे. नाना मिझुकींच्या सीडीही किंगच्याच आहेत. २००९चा ‘अल्टिमेट डायमंड’ हा ओरिकॉनवर, म्हणजे जपानच्या विक्रीक्रमाच्या यादीवर, पहिल्या क्रमांकावर गेलेला आवाज-कलाकाराचा पहिला अल्बम. पण त्यांच्यासाठी वेगळी वही लागेल.

साठवणीबद्दल एकच. पावसाळ्यात ओबी सीडीच्या केसवरून काढून वेगळ्या पाकिटात ठेवा, सिलिका जेलची पुडी शेजारी. दमट हवेत कागद प्लास्टिकला चिकटतो आणि मग ओढताना छपाई निघून येते.

पुढचं काम: इव्हांगेलियनच्या तिन्ही मूळ साउंडट्रॅकच्या छपाया करबदलाच्या आधीच्या आणि नंतरच्या अशा वेगळ्या लावायच्या आहेत. नंबर ‘केआयसीए’ने सुरू होतात. तुमच्याकडे यांतली एखादी असेल, तर मागच्या कागदाचा फोटो पाठवा. किंमत आणि तारीख स्पष्ट वाचता आली पाहिजे, आणि जमलं तर तबकडीच्या आतल्या कडेचाही एक.