वजन, गोफण आणि एक वाकवलेला खिळा

इंग्लंडमधलं ‘इयर सेव्हन’ म्हणजे अकरा-बारा वर्षांची मुलं. माध्यमिक शाळेचा इतिहास १०६६ ते १५०९ या काळापासून सुरू होतो, त्यामुळे किल्ले आणि वेढे ओघाने येतात. त्यांच्यामागून बऱ्याच शाळांत घरचा अभ्यास येतो: दगड फेकणाऱ्या यंत्राचं चालणारं मॉडेल करून आणा. ‘चालणारं’ हा शब्द महत्त्वाचा. देखणं मॉडेल पुठ्ठ्याचंही होतं, चालणाऱ्याला मोजमाप लागतं.

बहुतेक घरांत आधी आइस्क्रीमच्या काड्या, चमचा आणि रबरबँड बाहेर निघतात. अर्ध्या तासात काहीतरी उडतं आणि सगळे खूश होतात. पण तोच चमचा तितकाच वाकवून दहा वेळा सोडला तर फेक हळूहळू कमी होत जाते. रबर ताणून सोडलं की त्यातली थोडी ऊर्जा उष्णतेत जाते आणि रबर सैलही पडतं. मग चौथ्या फेकीतला फरक तुम्ही केलेल्या बदलामुळे पडला की थकलेल्या रबरामुळे, हे सांगता येत नाही. वजन थकत नाही. म्हणून प्रकल्पाला ट्रेबुशे घ्यावं: आडव्या दांड्याच्या आखूड टोकाला जड वजन, लांब टोकाला गोफण. हो, पाखरं हाकायची तीच गोफण. इथे हाताच्या जागी दांडा फिरतो एवढंच.

मुलांना यातला इतिहासही आवडतो. १३०४ मध्ये स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या वेढ्यात इंग्लंडचा राजा पहिल्या एडवर्डने ‘वॉरवुल्फ’ नावाचं अवाढव्य ट्रेबुशे बांधून घेतलं. किल्लेदार शरण यायला तयार झाले, तरी यंत्राचा मारा करून पाहिल्याशिवाय त्याने शरणागती घेतली नाही. त्याच सुमारास, १३०१ मध्ये, रणथंभोरच्या वेढ्यात अलाउद्दीन खिलजीचा सरदार नुसरत खान किल्ल्यातून आलेल्या दगडाने मारला गेला. इंग्लंडमधल्या वॉरिकच्या किल्ल्यात २००५ साली उभारलेलं ट्रेबुशे १८ मीटर उंच आणि २२ टनांचं होतं. आपलं टेबलावर मावलं पाहिजे.

दांडा ४१ सेंटिमीटर लांब, हलक्या पाइनचा, १२ मिलिमीटर रुंद. आखूड टोकापासून १ सेंटिमीटरवर वजनाचं भोक, ९ सेंटिमीटरवर आसाचं. म्हणजे आसापासून वजन ८ आणि गोफणीचं टोक ३२ सेंटिमीटरवर, प्रमाण १:४. आसापाशी दांड्याची जाडी १८ मिलिमीटर ठेवा, कारण मोडायचा तर तो तिथेच मोडतो. तिथून टोकाकडे रंधून ८ मिलिमीटरपर्यंत उतरवत न्या. हा नाजूकपणा शोभेसाठी नाही. एवढ्या दांड्याचं वजन साधारण ३० ग्रॅम भरतं आणि फेकायचा गोळा फक्त १० ग्रॅमचा आहे. दांड्याचं लांब टोक जड राहिलं तर वजनाची मेहनत दांडा फिरवण्यातच खर्च होते.

आसाला ५ मिलिमीटरची पोलादी सळई घ्या. भोक ५.५ मिलिमीटरचं, दोन्ही बाजूंना वॉशर. सळई पायापासून २४ सेंटिमीटरवर, दोन त्रिकोणी चौकटींवर. चौकटींमधलं आतलं अंतर १२ सेंटिमीटर. पाया ६० सेंटिमीटर लांब आणि किमान २० रुंद. चौकटींना जोडणारी आडवी पट्टी गोफणीच्या वाटेत येऊ देऊ नका; ही चूक फार होते आणि पहिल्या फेकीलाच कळते. पायावर मधोमध गुळगुळीत पुठ्ठ्याचा पट्टा चिकटवा, कारण गोळा सुरुवातीला त्यावरून घसरत जातो.

वजन १ किलो, म्हणजे गोळ्याच्या १०० पट. वाळूचा डबा नको, फार मोठा होतो. छोट्या पत्र्याच्या डब्यात लोखंडी नट भरा. डबा तारेने असा लोंबकळू द्या की तो मोकळा झुलेल. दांड्याला घट्ट बांधला तर वजन गोल फिरतं; लोंबकळता असेल तर जवळजवळ सरळ खाली पडतं आणि जास्त ऊर्जा गोफणीकडे जाते. दांडा उभा झाल्यावर वजनाचं टोक पायापासून १६ सेंटिमीटरवर येतं. म्हणून तार आणि डबा मिळून उंची १३ सेंटिमीटरच्या आत ठेवा, नाहीतर डबा पायावर आदळतो.

गोफणीला न ताणली जाणारी सुती दोरी आणि ४ बाय ७ सेंटिमीटर कापड. एक दोरी दांड्याच्या टोकाला कायमची बांधायची. दुसरीच्या टोकाला हलकी कडी, आणि ती दांड्याच्या टोकातून दीड सेंटिमीटर बाहेर आलेल्या खिळ्यावर अडकवायची. खिळ्याचं डोकं कापून कानशीने गुळगुळीत करा. टोकापासून कापडाच्या मध्यापर्यंत २८ सेंटिमीटरने सुरुवात करा.

सगळा खेळ या खिळ्याचा आहे. मुलं आणि त्याहून जास्त बाबा मंडळी वजन वाढवत बसतात. गोळा मात्र डोक्यावरून मागे जाऊन पडतो. कडी लवकर सुटली तर गोळा उंच किंवा मागे जातो. तेव्हा खिळा फेकीच्या दिशेने थोडा जास्त वाकवा. उशिरा सुटली तर गोळा समोर जमिनीत आपटतो. तेव्हा खिळा सरळ करा. एका वेळी पाच अंशांपेक्षा जास्त नको. दोरीचाही परिणाम तसाच: आखूड गोफण लवकर सुटते, लांब गोफण उशिरा. म्हणून खिळा आणि दोरी एकाच दिवशी बदलू नका, गोंधळ होईल.

गोळा मॉडेलिंगच्या मातीचा, काट्यावर तोललेला, सुमारे २ सेंटिमीटर व्यासाचा. माती पडल्या जागी चपटी होते, फारशी घरंगळत नाही, त्यामुळे पहिला स्पर्श मोजता येतो. गोटी किंवा दगड अजिबात नको.

फेकीसाठी मोकळं मैदान आणि डोळ्यांवर सुरक्षा चष्मा. दांडा खाली धरणारा वेगळा खिळा (गोफणीचा नव्हे) दोन मीटर दोरीने ओढायचा, आणि ओढणाऱ्याने बाजूला उभं राहायचं. मागे उभं राहणं सुरक्षित वाटतं, पण चुकलेला गोळा मागेच येतो. पहिल्या फेकी ३०० ग्रॅम वजनाने करा, मग वाढवत जा. गोळ्याशिवाय यंत्र सोडू नका. सगळी ऊर्जा दांड्यात अडकते आणि तो तडकू शकतो.

प्रत्येक मांडणीच्या पाच फेकी घ्या आणि सरासरीसोबत सर्वांत लांब आणि सर्वांत जवळच्या फेकीतलं अंतरही लिहा. हे अंतर मोठं असेल तर खिळ्याकडे वळण्याआधी दोष शोधा: कडी खरखरीत आहे, गोळा कापडात दर वेळी वेगळ्या जागी बसतो, किंवा आस हलतो. गोळा सतत एका बाजूला जात असेल तर आस दांड्याला काटकोनात नाही.

आता हिशेब. दांडा ४५ अंशांवरून सुटून उभा होईपर्यंत वजन सुमारे १३.७ सेंटिमीटर खाली येतं. हवेचा अडथळा आणि घर्षण सोडलं तर जास्तीत जास्त पल्ला = २ × (वजन ÷ गोळा) × उतरलेली उंची, म्हणजे २ × १०० × ०.१३७, जवळजवळ २७ मीटर. पहिल्या दिवशी सहा-सात मीटर मिळाले तर नाराज होऊ नका. १३ मीटर, म्हणजे निम्मं, मिळालं तर काम उत्तम झालं.

बाकीची ऊर्जा कुठे गेली ते फोनच्या स्लो मोशनमध्ये दिसतं. सेकंदाला २४० चित्रं घेतली तर १० मीटर प्रति सेकंद वेगाचा गोळा दोन चित्रांत सुमारे ४ सेंटिमीटर सरकतो. मागे चौकड्यांचा कागद लावला की सुटण्याचा कोनही मोजता येतो. गोळा सुटतो त्या क्षणी वजनाकडे पाहा. ते जवळजवळ थबकलेलं असेल तर जुळणी छान आहे. सुटल्यानंतरही जोरजोरात झुलत असेल तर ऊर्जा त्याच्याकडेच राहिली. चौकट पुढे-मागे उड्या मारत असेल तर पाया जड करा, किंवा नियमात बसत असेल तर चाकं लावा. चाकांमुळे वजन आणखी सरळ पडतं आणि पल्ला वाढतो.

शाळेत नेताना दांडा काढून वेगळा न्या. जुळलेल्या खिळ्याचा कोन पुठ्ठ्यावर आखून सोबत ठेवा, दप्तरात तो हमखास वाकतो. आणि ओल्या गवतावर गोफण ठेवू नका: सुती दोरी भिजली की आखडते, आणि काल समोर जाणारा गोळा आज वर जातो.