तुम्ही विचारलंत म्हणून: उलटेसुलटे कण आणि प्रकाशाचा पीळ

कायरल, म्हणजे डाव्या-उजव्या हातांसारखे आपल्या आरशातल्या प्रतिमेशी न जुळणारे, अशा कणांवर प्रकाश टाकून मोजमाप करतो असं सांगितलं की हमखास विचारतात, अहो पण द्रवात ते कण वाट्टेल तसे गडगडत असतात, मग त्यांचा डावा-उजवेपणा एकमेकांना मारून शून्य नाही का होत?

नाही होत. साधा स्क्रू घ्या, डोकं खाली करा, आडवा धरा, आटे उजवे ते उजवेच! डावे दिसतील ते फक्त आरशात. कण कसाही फिरला तरी त्याचा पीळ बदलत नाही, म्हणून लाखो कणांची सरासरी काढली तरी परिणाम उरतो.

आणि हे कुणी दाखवलं तर कार्ल लिंडमन या फिनलंडच्या भौतिकशास्त्रज्ञाने, 1914 च्या सुमारास. त्याने तांब्याच्या तारेच्या छोट्या गुंडाळ्या केल्या, प्रत्येक कापसात गुंडाळली, खोक्यात कशाही भरल्या आणि त्यातून मायक्रोवेव्ह सोडल्या. लहरींचं पोलरायझेशनचं प्रतल, म्हणजे लहर ज्या प्रतलात कंप पावते ते, वळलं. डाव्या-उजव्या गुंडाळ्या सारख्या भरल्या तर वळणं बंद. मला हा प्रयोग फार म्हणजे फार आवडतो, कारण रेणू डोळ्याला दिसत नाहीत, इथे गुंडाळी हातात घेता येते.

आत काय होतं, तर सरळ पोलराइज्ड प्रकाश म्हणजे डावीकडे आणि उजवीकडे फिरणाऱ्या दोन सारख्या लहरींची बेरीज. कायरल कणात त्यातली एक जरा मागे पडते म्हणून प्रतल वळतं, आणि एक जास्त शोषली किंवा विखुरली गेली तर बाहेर लंबवर्तुळी प्रकाश मिळतो. रेणू साधारण 1 नॅनोमीटरचा आणि सोडियमच्या दिव्याची लहर 589 नॅनोमीटरची, त्यामुळे रेणूच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लहर जेमतेम बदलते आणि परिणाम इवलासा राहतो. कण लहरीच्याच मापाचा असला तर मात्र सिग्नल चांगला दणदणीत मिळू शकतो, आणि दिशेगणिक वेगळा.

कायरल नसलेले, कसेही पडलेले कण साध्या, पोलराइज्ड नसलेल्या प्रकाशातून एकदाच विखुरताना वर्तुळी पोलरायझेशन (म्हणजे डावी किंवा उजवी फिरणारी लहर वरचढ होणं) देत नाहीत, त्यामुळे ते दिसलं की हुरळून जायला होतं. पण सरळ पोलराइज्ड प्रकाश दाट नमुन्यात अनेकदा विखुरला तर कायरल नसलेल्या कणांतूनही वर्तुळी भाग येतो. म्हणून आधी नमुना पातळ करा, मग त्याच कणांची आरशातली जोडी मोजा, आकडा तेवढाच आणि चिन्ह उलटं यायला हवं. चिन्ह उलटलं नाही तर सिग्नल कणांच्या पिळाचा नाही, लेन्स किंवा क्वार्टर-वेव्ह प्लेट (सरळ पोलरायझेशनचं वर्तुळी आणि वर्तुळीचं सरळ करणारी चकती) तपासायला घ्या.